कडव्यातले नाव आणि ॲपवरचे नाव : नागपूरच्या स्वतंत्र कलावंतांनी स्ट्रीमिंगचे काय करावे?

इंदोऱ्याची लेक (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. माझे वडील भीमगीते लिहीत, त्यांना स्वतः चाली लावत आणि आपल्या गायन पार्टीसह ती गात. उत्तर नागपुरात इंदोरा आणि जरीपटक्यापासून कामठी, उमरेडपर्यंत त्यांचे कार्यक्रम होत असत. १९९७ साली त्यांच्या आठ गाण्यांची एक कॅसेट निघाली. काढणाऱ्याने पाच हजार रुपये एकरकमी दिले, एका कागदावर सही घेतली, आणि त्या वर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरच्या दुकानांतून ती कॅसेट चांगली विकली गेली. वडील २०१६ मध्ये गेले.

मागच्या वर्षी मी आणि माझ्या धाकट्या भावाने त्यांची अकरा गाणी नव्याने गाऊन मुद्रित केली. त्यांतली पाच जुन्या कॅसेटमधली होती आणि सहा कधीच मुद्रित झालेली नव्हती, ती वहीत आणि आमच्या तोंडी होती. ढोलकी, बेंजो, हार्मोनियम, चार जणांचा कोरस, स्टुडिओचे तीन दिवस आणि नंतरचे मिक्सिंग असा एकूण ४६,००० रुपये खर्च आला. एका वितरक कंपनीमार्फत ती गाणी सर्व ॲपवर चढवली. नऊ महिन्यांत सगळी गाणी मिळून सुमारे १४,००० वेळा ऐकली गेली आहेत आणि खात्यात ७०० रुपयांच्या आसपास रक्कम दिसते.

रक्कम कमी आहे याचे वाईट वाटते, पण धागा काढण्याचे खरे कारण वेगळे आहे. जुन्या कॅसेटमधली आठही गाणी कोणीतरी ॲपवर चढवलेली मला सापडली. तिथे गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे लिहिले आहे. माझ्या वडिलांनी प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफलेले आहे. गाणे पूर्ण ऐकणाऱ्याला कवी कोण हे विचारावे लागू नये, म्हणूनच ती रीत आहे. ज्या गाण्यात कवी स्वतःचे नाव गातो, ते गाणे पारंपरिक कसे काय ठरते?

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पैशाचा हिशेब नेमका कसा होतो, वडिलांचे नाव परत लावण्याचा काही मार्ग आहे का, आणि ज्यांची गाणी अजून वह्यांतच आहेत अशा आमच्याकडच्या इतर पार्ट्यांना मी काय सांगावे?


हिशेबनीस

ताई, पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. एकदा ऐकले की अमुक पैसे, असा ठरलेला दर मोठ्या सेवांकडे नसतो. स्पॉटिफायची पद्धत अशी आहे की वर्गणी आणि जाहिराती यांतून जे उत्पन्न येते, त्याचा ढोबळमानाने दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला निघतो, आणि त्या महिन्यात त्या देशात जितके ऐकणे झाले त्यात तुमच्या गाण्यांचा जेवढा वाटा, तेवढाच वाटा त्या राशीतून तुमच्या वितरकाकडे जातो. भारतात पैसे न भरता जाहिरातींसह ऐकणारे फार आहेत आणि वर्गणीही स्वस्त आहे (२०१९ च्या फेब्रुवारीत ही सेवा इथे आली तेव्हा ती महिन्याला ११९ रुपये होती), त्यामुळे मुळात राशीच लहान राहते. तुमचे ऐकणारे नागपूर, नांदेड आणि मुंबईचे असतील तर तेवढ्याच संख्येला जर्मनीतल्या ऐकणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पैसे येतात.

यात एक गोष्ट अशी आहे की जी मला अन्यायाची वाटते आणि जी बहुतेकांना ठाऊक नसते. समजा, सेवेला दोनच ग्राहक आहेत आणि कलावंतांना वाटायला प्रत्येकाच्या वर्गणीतले ६५ रुपये, म्हणजे एकूण १३० रुपये आहेत. पहिली ग्राहक महिन्यात १०० वेळा गाणी ऐकते आणि ती सगळी तुमची असतात. दुसऱ्याचे दुकान आहे. तिथे दिवसभर चालू राहून ९०० वेळा गाणी वाजतात आणि ती सगळी एका प्रसिद्ध गायकाची असतात. तुमचा वाटा १,००० पैकी १०० म्हणजे दहावा हिस्सा, म्हणून तुम्हाला १३ रुपये मिळतात आणि प्रसिद्ध गायकाला ११७. तुमच्या त्या श्रोतीने दुसरे काहीच ऐकले नाही, तरी तिच्या ६५ पैकी ५२ रुपये तिने कधीही न ऐकलेल्या गायकाकडे गेले. ज्याने जे ऐकले त्यालाच त्याचे पैसे, या हिशेबाने तुम्हाला पूर्ण ६५ मिळाले असते. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी असा हिशेब सुरू केला, परंतु आपल्याकडे लोक ज्या सेवा जास्त वापरतात त्यांचा व्यवहार अजून सामायिक राशीवरच चालतो.

आणखी दोन नियम सांगून ठेवतो. गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते. आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. म्हणून १४,००० ही एकूण बेरीज पाहून उपयोग नाही, प्रत्येक गाण्याचा आणि प्रत्येक सेवेचा आकडा वेगळा काढून पाहा. माझा अंदाज आहे की तीन-चार गाण्यांनीच ही रक्कम आणली असेल.


इंदोऱ्याची लेक

हिशेबनीस दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. वितरकाचे विवरण उघडून पाहिले, स्पॉटिफायवर चारच गाणी हजाराच्या वर गेली आहेत. जी सहा गाणी पहिल्यांदाच जगासमोर आली, त्यांतले एकच त्यात आहे. ३० सेकंदांचा नियम वाचून मात्र मन खट्टू झाले. आमची गाणी शेराने सुरू होतात, गायक शेर म्हणतो, ढोलकी नंतर येते. एका ओळखीच्या मुलाने शेर कापून थेट मुखड्यापासून गाणे सुरू करण्याचा सल्ला दिला होता आणि मी तो मानला नाही. आताही मानणार नाही. ऐकणाऱ्याला सभेत बसल्यासारखे वाटते ते त्या शेरामुळेच.


वडसा मुक्कामी

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गायक म्हणून काम करतो. ताईंबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडा वेगळा विचार मांडतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, त्या रात्री नाटक असते आणि ते पहाटेपर्यंत चालते. लोक तिकीट काढून येतात, गाण्याला वन्स मोअर मिळतो, बिदागी हातात पडते. माझी गाणी यूट्यूबवर लाखाच्या घरात पाहिली गेली, ती टाकली दुसऱ्याच कोणी, आणि मला त्यातून एक रुपयाही मिळाला नाही. तरीही त्या व्हिडिओंमुळे माझ्या नावाने सुपाऱ्या आल्या, हे मी नाकारत नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे की ॲपवरचे गाणे म्हणजे भिंतीवरचे पोस्टर आहे. पोस्टरमधून उत्पन्न काढायला बसलो तर तालीम करायला वेळ उरणार नाही. ४६,००० रुपयांत तुम्ही चार गावांत चांगले कार्यक्रम केले असते.


इंदोऱ्याची लेक

दादा, तुमचे म्हणणे जिवंत कलावंताच्या बाबतीत मला पटते. पण माझे वडील आता स्टेजवर उभे राहणार नाहीत. त्यांची बिदागी संपली, सुपारी संपली. आता त्यांचे जे काही आहे ते मुद्रित आवाजात आणि शब्दांत आहे, आणि तिथे त्यांचे नाव नसेल तर दुसरीकडे कुठेच नाही. शिवाय पोस्टरची उपमा घेतली तरी, पोस्टरवर नाव दुसऱ्याचे असेल तर ते कोणाच्या कामाचे?


वडसा मुक्कामी

हे मान्य आहे. माझ्याही व्हिडिओंवर गीतकाराचे नाव कुठेच नाही. तो आमच्याच कंपनीत नाटके लिहितो आणि मी त्याला याबद्दल कधी विचारलेदेखील नाही. आज विचारतो.


धंतोलीचा ध्वनिमुद्रक

मी २२ वर्षे स्टुडिओ चालवतो. आमच्या व्यवसायाचीही यात चूक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गाणे चढवताना जो फॉर्म भरावा लागतो त्यात गायक, गीतकार, संगीतकार, संयोजक, वादक, निर्माता अशी सगळी रकान्यांची सोय असते. वितरकागणिक सक्तीचे रकाने कमी-अधिक असतात, आणि कोणी टोकत नाही तोवर लोक गायकाचे नाव लिहून पुढे जातात. गीतकाराच्या जागी काय लिहावे हे कळले नाही की ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतात, कारण ते लिहिले की पुढचे प्रश्न येत नाहीत. जुन्या कॅसेटी चढवणाऱ्यांकडे बहुधा फक्त फीत असते, आवरणाचा कागद नसतो. ताईंच्या वडिलांच्या बाबतीत असेच घडले असण्याची शक्यता मोठी आहे. पण त्याने शेवटचे कडवे ऐकले असते तर हे झाले नसते, हेही तितकेच खरे.

आता ताईंच्या स्वतःच्या अकरा गाण्यांविषयी. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो वितरकाकडून मिळतो. हा क्रमांक त्या ध्वनिमुद्रणाचा आहे, शब्दांचा आणि चालीचा नाही. तुमची गाणी उघडून पाहिली, तिथे गीतकाराचा रकाना रिकामा दिसतो. ती काढून पुन्हा चढवू नका. वितरकाकडे दुरुस्तीची मागणी करा, म्हणजे तोच क्रमांक राहील आणि आजवरचे ऐकणे त्याच गाण्याच्या नावावर राहील. पुन्हा चढवण्यावाचून इलाजच नसेल तर जुनाच क्रमांक आग्रहाने द्या.

दुसरी अडचण नावाच्या लिखाणाची आहे. तुमचे नाव एका गाण्यावर देवनागरीत, दुसऱ्यावर रोमन लिपीत आणि तिसऱ्यावर रोमनमध्येच वेगळ्या स्पेलिंगने आहे. यंत्राच्या लेखी त्या तीन गायिका झाल्या आहेत आणि तुमचे श्रोते तीन पानांवर विखुरले आहेत. वडिलांचे नाव लिहितानाही एकच रूप ठरवा आणि ते घरात सर्वांना सांगून ठेवा.

आणि कृपया ढोलकी, बेंजो, हार्मोनियम वाजवणाऱ्यांची नावेही भरा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण वादकाला त्या दिवशीचे पैसे देतात आणि त्याचे नावही विचारत नाहीत. मी आता मुद्रण संपल्यावर एक छापील कागद पुढे ठेवतो. त्यावर कोणी काय केले, रॉयल्टीत कोणाचा किती वाटा, आणि नाव कसे लिहायचे हे भरून सर्वांच्या सह्या घेतल्याशिवाय फाइल देत नाही. सुरुवातीला लोक नाराज होत, आता स्वतःहून तो कागद मागतात.


खंजिरी

मी मोझरीच्या परंपरेतली खंजिरी भजने गातो. धागाकर्तीने कडव्यातल्या नावाचा विषय काढला त्यावर थोडे लिहावेसे वाटते. ‘तुका म्हणे’ आपण इतके ऐकतो की ती सही आहे हे विसरतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनातही शेवटी ‘तुकड्यादास’ येतो. ज्या काळात छापखाना गावापर्यंत पोहोचत नव्हता, त्या काळात ओव्या, अभंग, पोवाडे तोंडातून तोंडात गेले आणि तरीही कर्ता हरवला नाही, कारण त्याचे नाव वृत्तात आणि यमकात बसवलेले होते. ते काढले तर कडवे मोडते. इतका भक्कम बंदोबस्त आपल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

आता मात्र ऐकण्याची रीतच अशी झाली आहे की नाव असलेल्या जागेपर्यंत कोणी पोहोचत नाही. रीलमध्ये मुखड्याच्या दोन ओळी जातात. ॲपवर अर्ध्या मिनिटानंतर पुढचे गाणे लावले जाते. कार्यक्रमातही वेळ कमी असला की शेवटचेच कडवे गाळले जाते, आणि हे मी स्वतः केलेले आहे. गाणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे की दोन कडवी गाळायची झाली तर मधली गाळावीत, नाममुद्रेचे कडवे गाळू नये.


जुना श्रोता, महाल

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ पासूनचे. आमच्या घरी रेडिओ आला तेव्हापासून मी ते ऐकत आलो. गाणे लागण्यापूर्वी निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावे सांगत असे आणि अनेकदा गाणे संपल्यावर पुन्हा सांगत असे. त्यामुळे शाळेत न गेलेल्या माझ्या आईलाही कोणते गाणे कोणाचे हे माहीत होते. आता माझा नातू दिवसभर कानात गाणी घालून असतो आणि गीतकाराचे नाव विचारले तर त्याला सांगता येत नाही. दोष त्याचा नाही, त्याला कोणी ते सांगितलेलेच नाही.


कलम सत्तावन्न

मी सिव्हिल लाइन्समध्ये वकिली करते. धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी त्या १९९७ च्या कागदावर काय लिहिले आहे हे कळले पाहिजे. त्यात मुदत लिहिली आहे का? ‘गीत’ आणि ‘चाल’ हे शब्द आहेत का, की फक्त कॅसेटचा उल्लेख आहे?


इंदोऱ्याची लेक

मॅडम, कागदाची झेरॉक्स आईने जपून ठेवली होती. पाच ओळी आहेत. ‘माझ्या आठ गीतांचे सर्व हक्क कॅसेटसाठी रु. ५,०००/- घेऊन देत आहे’ असे लिहून सही आणि तारीख ऑगस्ट १९९७ अशी आहे. मुदतीचा उल्लेख कुठेच नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. यूट्यूबवर आमच्या नव्या मुद्रणांपैकी दोन गाण्यांवर त्याच जुन्या कॅसेटच्या आजच्या मालकाकडून दावा आला आहे आणि त्या दोन व्हिडिओंचे उत्पन्न आता त्यांच्याकडे जाते. आवाज आमचा, वाद्ये आमची, शब्द आणि चाल वडिलांची, तरीही दावा त्यांचा, हे मला समजलेच नाही.


कलम सत्तावन्न

तारीख महत्त्वाची आहे आणि ती तुमच्या बाजूची आहे. गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात, ते एकमेकांत मिसळू देऊ नका. शब्दांवरचा हक्क, चालीवरचा हक्क आणि विशिष्ट ध्वनिमुद्रणावरचा हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा मालक सर्वसाधारणपणे ते तयार करवून घेणारा निर्माता असतो आणि तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे १९९७ ची फीत ज्यांची आहे त्यांचीच राहील. ती ॲपवरून काढायला लावणे केवळ फितीवरील हक्काच्या आधारे जमणार नाही.

शब्द आणि चाल यांचे तसे नाही. त्यांवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. हे किती लांबते याची कल्पना यावी म्हणून सांगते, वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांच्या रचनांची मुदत २०६४ च्या अखेरीस संपेल. तुमच्या वडिलांच्या रचनांची २०७६ च्या अखेरीस. अशा रचनेला ‘पारंपरिक’ म्हणण्याला कायद्यात कोणताही आधार नाही.

वडिलांनी ‘सर्व हक्क’ दिले असे कागद म्हणतो, पण कलम १९ असे सांगते की हक्क देण्याच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजावी. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली, १० मे १९९५ पासून लागू झाली आणि त्याआधीच्या लेखांना ती लागू नाही. तुमचा कागद १९९७ चा आहे. त्यामुळे गीत आणि चाल यांवरचे हक्क २००२ मध्ये वडिलांकडे परत आले, अशी भूमिका तुम्ही ठामपणे घेऊ शकता. कागदावरचा ‘कॅसेटसाठी’ हा शब्दही तुमच्या उपयोगाचा आहे. मूळ प्रत दाखवून एकदा समोरासमोर सल्ला घ्या, कारण नोटीस कागदाच्या नेमक्या शब्दांवर उभी करावी लागते.

नावाचा हक्क तर याहून वेगळा आणि अधिक पक्का आहे. कलम ५७ प्रमाणे, हक्क पूर्ण विकले तरी, ही रचना माझी आहे असे सांगण्याचा रचनाकाराचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, आणि त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो वापरू शकतात. पूर्वी नाव लावण्याचा हा अधिकार वारसांना वापरता येत नसे, २०१२ च्या दुरुस्तीने तो अडसर काढला. माझ्या या धाग्यावरच्या नावाचे कारणही तेच कलम आहे, मला ते या कायद्यातले सर्वांत माणुसकीचे कलम वाटते. तुम्ही त्या कंपनीला पत्र पाठवून गीतकार आणि संगीतकार म्हणून वडिलांचे नाव लावण्याची मागणी करा. पैशाची मागणी त्याच पत्रात मिसळू नका. नाव लावायला त्यांना काही खर्च नाही, त्यामुळे ते बहुधा आधी मान्य होईल, आणि एकदा नाव लागले की पुढच्या हिशेबाला पाया मिळेल.

आता पैशाचा तो भाग, जो वितरकाच्या विवरणात दिसतच नाही. वितरक तुम्हाला फक्त ध्वनिमुद्रणाचा वाटा देतो. शब्द आणि चालीचा वाटा वेगळा असतो आणि भारतात तो गोळा करून सभासदांना वाटण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस करते. ही संस्था १९६९ ची आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली, फक्त वारसांना किंवा अशा संस्थेलाच तो सोपवता येतो. दिवंगत रचनाकाराचे वारसही सभासद होऊ शकतात. परंतु रचनांची नोंद केलेली नसेल तर तो पैसा तुमच्यापर्यंत येणार कसा? तुमच्या वडिलांची आठ गाणी ‘पारंपरिक’ म्हणून वाजत असतील तोवर त्यांचा वाटा मागणारा कोणीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. आई, तुम्ही आणि भाऊ यांच्यात वाटा कसा राहील हे आधी लिहून घ्या, म्हणजे नोंदणीच्या वेळी अडचण येणार नाही.


धंतोलीचा ध्वनिमुद्रक

यूट्यूबच्या दाव्याविषयी पुरवणी जोडतो. कंटेंट आयडी ही यंत्रणा मोठे हक्कधारक वापरतात. त्यांनी दिलेल्या नमुन्याशी जुळणारा आवाज सापडला की दावा आपोआप लागतो, आणि ती केवळ आवाजच नव्हे तर चालीचे साम्यही पकडते. इथे तसेच झालेले दिसते. दाव्याला हरकत घ्या आणि त्यात, हे नवे मुद्रण आमचे आहे, शब्द आणि चालीचे हक्क वारस म्हणून आमच्याकडे आहेत, असे स्पष्ट लिहा. हरकतीनंतर दावेदाराला ३० दिवस मिळतात. त्याने काहीच केले नाही तर दावा सुटतो. स्टुडिओचे बिल, मूळ फायली आणि वहीच्या पानांचे फोटो जवळ ठेवा. मात्र पाच वर्षांचा मुद्दा मॅडमकडून पक्का करून घेतल्यानंतरच हरकत घ्या, घाईने घेऊ नका.


सदरचा गिटारवादक

आमचा चार जणांचा बँड आहे, आम्ही वऱ्हाडी बोलीत गाणी करतो. सगळे इतके नीट सांगत आहेत तर नव्या मुलांसाठी एक अनुभव लिहितो. पहिल्या गाण्याच्या वेळी एका प्रचार करणाऱ्याने पैसे घेऊन मोठ्या प्लेलिस्टमध्ये टाकतो असे सांगितले. आठ दिवसांत १०,००० वेळा ऐकले गेल्याचे दिसले. आम्ही आनंदात होतो. मग वितरकाचा ईमेल आला की हे ऐकणे यंत्राने केलेले, खोटे आहे, आणि गाणे सर्व सेवांवरून उतरवले गेले. स्पॉटिफाय २०२४ पासून अशा गाण्यांसाठी वितरकाकडून दंड घेते आणि वितरक तो कलावंताच्या खात्यातून वसूल करू शकतो. ते गाणे आम्हाला नव्याने मुद्रित करावे लागले. हजाराचा टप्पा गाठण्यासाठी कोणी असा मार्ग सुचवला तर कृपया स्वीकारू नका. त्यापेक्षा फुटाळा तलावावर शंभर लोकांसमोर गायलो त्या संध्याकाळने आम्हाला जास्त खरे श्रोते दिले.

बँडकॅम्पविषयीही सांगतो. तिथे श्रोता गाणे थेट विकत घेतो आणि डिजिटल विक्रीवर ती कंपनी १५ टक्के ठेवते. आमची फार विक्री झाली नाही, कारण आपल्याकडे गाणे विकत घेण्याची सवय मोडली आहे, पण पुण्यातल्या आणि परदेशातल्या वैदर्भीय लोकांनी घेतलेल्या ३० प्रतींतून जे मिळाले, ते वर्षभराच्या स्ट्रीमिंगपेक्षा अधिक होते.


इंदोऱ्याची लेक

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. दरम्यान बरीच कामे झाली. वितरकाकडे अकराही गाण्यांची दुरुस्ती पाठवली, त्यांतली नऊ झाली आहेत, आणि ॲपवर गीतकार म्हणून वडिलांचे नाव दिसते. आईला ते दाखवले. तिने प्रत्येक गाणे उघडून ते नाव स्वतः वाचले. तिच्या, माझ्या आणि भावाच्या वाट्याचा लेख झाला असून आयपीआरएसचा अर्ज भरायला घेतला आहे. मॅडमनी मूळ कागद पाहिला आणि कंपनीला पत्र गेले. त्यात फक्त नावाची मागणी आहे. यूट्यूबवरची हरकत काल नोंदवली.

गिटारवादक दादांच्या अनुभवावरून आम्ही आणखी एक ठरवले आहे. यंदा विजयादशमीला दीक्षाभूमीवर एका ओळखीच्या पुस्तक-दुकानात गाण्यांचे पेन ड्राइव्ह ठेवणार आहोत, आणि सोबत सोळा पानांची पुस्तिका देणार आहोत. तिच्यात अकरा गाण्यांचे पूर्ण शब्द, शेवटच्या कडव्यासह, आणि प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्या-वाजवणाऱ्या सर्वांची नावे असतील. वडसा मुक्कामी दादा, तुम्ही म्हणता ते पोस्टर मी छापते आहे, फक्त नावानिशी.

आता एकच अडचण उरली आहे. पुस्तिकेच्या शेवटी १९९७ च्या कॅसेटमधल्या वादकांचीही नावे द्यायची आहेत. मॅडमनी सांगितले की २०१२ च्या दुरुस्तीने वादकालाही आपली ओळख सांगितली जाण्याचा अधिकार दिला आहे, पण तो अधिकार नसता तरी आम्ही ती दिलीच असती. बेंजो आणि हार्मोनियम कोणी वाजवले हे आईला आठवते. ढोलकी कोणाची होती हे कोणालाच सांगता येत नाही. तो वडिलांच्या पार्टीतला नव्हता, ऐन वेळी बोलावलेला होता, एवढेच कळले. आमच्याकडची कॅसेट फुटली आणि आवरण हरवले. निळ्या रंगाचे, डावीकडे बोधिवृक्ष असलेले ते आवरण कोणाच्या घरी असेल तर कृपया पाहावे.


कामठीकर

मी या धाग्यावर आजच आलो. माझ्या आजोबांच्या पेटीत निळ्या आवरणाच्या दोन कॅसेट आहेत, एकीवर झाड आहे. आतला घडीचा कागद शाबूत आहे, पण वाद्यवृंदाच्या ओळीवर पाण्याचा डाग पडला आहे. ढोलकीपुढचे पहिले अक्षर ‘ज’ असे स्पष्ट दिसते, पुढचे उजेडात धरून वाचावे लागेल. रविवारी नागपूरला येतो आहे, येताना घेऊन येतो.


इंदोऱ्याची लेक

दादा, रविवारी मी इंदोरा चौकात थांबते. पुस्तिका सोमवारी छापायला जायची होती, ती मी बुधवारपर्यंत थांबवली आहे.